यूएईतलं कर्ज मागे राहिलंय आणि नोकरी दुसऱ्या देशात लागलीय? आधी फाईल कुठल्या टेबलावर आहे ते शोधा

२०१९ च्या नोव्हेंबरात मी शारजाहून निघालो तेव्हा माझ्या नावावर एक पर्सनल लोन आणि एक क्रेडिट कार्ड होतं. कंपनीने प्रोजेक्ट गुंडाळला, व्हिसा कॅन्सल झाला, आणि ग्रॅच्युइटी खात्यात पडली त्याच दिवशी बँकेने खातं गोठवून ती लोनमध्ये वळती केली. उरलेल्या रकमेचं गावी जाऊन बघू, असं म्हणत विमानात बसलो. दीड वर्षाने मस्कतमध्ये नोकरी लागली. ऑफर लेटर हातात आलं तेव्हा पगाराचा आकडा नंतर पाहिला, आधी मनात आलं ते हे, की तिकीट दुबईमार्गे तर नाही ना.

सल्ले भरपूर मिळाले. एकजण म्हणाला, पाच वर्षं गप्प बस, सगळं आपोआप पुसलं जातं. दुसरा म्हणाला, मस्कतच्या विमानतळावरच उचलतील. दोघांनाही माझी फाईल बँकेत आहे, एजन्सीकडे आहे की कोर्टात, याची काहीच कल्पना नव्हती. मलाही नव्हती. सरकारी कचेरीत काम असलं की आपण पहिल्यांदा विचारतो, 'फाईल सध्या कुठल्या टेबलावर आहे?' इथेही सुरुवात तिथूनच करायची. भरायची किती, प्रवास करायचा की नाही, घाबरायचं किती, हे सगळं त्या टेबलावर ठरतं.

हा लेख यूएईतलं वैयक्तिक कर्ज किंवा कार्ड थकवून बाहेर पडलेल्या आणि आता भारतात, दुसऱ्या आखाती देशात किंवा आणखी कुठे काम करणाऱ्या भारतीयांसाठी आहे. धंद्याचं कर्ज आणि भागीदारीतल्या जामीनक्या हे वेगळं प्रकरण आहे. त्यात थेट वकील गाठा.

पायरी १: कागद गोळा करा

यात फार डोकं लागत नाही, पण नेमकं हेच राहून जातं. लोन अकाउंट नंबर, कार्डाचे शेवटचे चार आकडे, जुना एमिरेट्स आयडी नंबर (मुदत संपली असली तरी), कर्ज घेताना असलेला पासपोर्ट नंबर, शेवटचं स्टेटमेंट, व्हिसा कॅन्सलेशनचा कागद, फायनल सेटलमेंटची स्लिप. दिलेल्या सिक्युरिटी चेकचा फोटो असेल तर सोनंच.

लोनचा करारही शोधा आणि त्यात विम्याचा उल्लेख आहे का बघा. तिथे पर्सनल लोन देताना विम्याचे पैसे अनेकदा सुरुवातीलाच कापून घेतात आणि आपण वाचतही नाही. काही पॉलिसींमध्ये नोकरी गेली तर ठराविक हप्ते विमा भरेल अशी सोय असते. दाव्याची मुदत बहुतेक वेळा उलटून गेलेली असते, पण पाहायला पैसे पडत नाहीत.

आणि एक ईमेल बँकेला पाठवा: माझा सध्याचा पत्ता, फोन आणि ईमेल हा. पुष्कळांना हे उलटं वाटतं. आपणच आपला ठावठिकाणा का द्यायचा? कारण यूएईतली कोर्टं एसएमएस आणि ईमेलवर नोटीस बजावू शकतात, आणि माणूस सापडला नाही तर जाहीर प्रसिद्धीनेही. तुमचं जुनं सिम केव्हाच बंद पडलेलं असतं. नोटीस त्या मेलेल्या नंबरवर जाते, तुम्ही गैरहजर राहता आणि निकाल एकतर्फी लागतो. लपून राहण्यातला फायदा असा असतो.

पायरी २: फाईल कुठल्या टेबलावर आहे?

टेबलं चार आहेत.

पहिलं, बँकेचा कलेक्शन विभाग. हप्ते चुकू लागले की काही महिने फाईल इथे असते. इथे बोलणी सगळ्यात सोपी, कारण खर्च अजून वाढलेला नसतो.

दुसरं, रिकव्हरी एजन्सी. एजन्सी बँकेची दलाल असते. तिला ना अटक करता येते, ना पासपोर्ट रोखता येतो. फोनवर मात्र ती दोन्ही करणार असल्यासारखं बोलते.

तिसरं, कोर्ट, आणि त्यातही एक्झिक्यूशन म्हणजे वसुलीचा विभाग. इथे फाईल आली की ट्रॅव्हल बॅन (देशाबाहेर जायला बंदी), खातं गोठवणं, अटकेचा आदेश या गोष्टी खऱ्या होतात. दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यानुसार १०,००० दिरहम किंवा त्याहून जास्त देणं असेल तर धनको ट्रॅव्हल बॅन मागू शकतो. म्हणजे एका बऱ्यापैकी वापरलेल्या क्रेडिट कार्डावरही तो लागू शकतो.

चौथं, पोलीस आणि प्रॉसिक्यूशन म्हणजे सरकारी फिर्यादी पक्ष. चेकमुळे पूर्वी फाईल इथे सर्रास यायची. आता कमी येते. का, ते पुढे सांगतो.

शोधायचं कसं? दुबईतल्या केससाठी दुबई पोलिसांच्या अॅपवर आणि वेबसाइटवर एमिरेट्स आयडी नंबर टाकून आर्थिक प्रकरणातला बॅन तपासता येतो. अबू धाबीसाठी तिथल्या न्याय विभागाची 'इस्तफसर' ही सेवा आहे. पण लक्षात घ्या, दुबईच्या यंत्रणेत नाव स्वच्छ दिसलं म्हणजे देशभर स्वच्छ झालं असं नाही. दुबई, अबू धाबी आणि रास अल खैमा यांची न्यायव्यवस्था स्वतंत्र आहे. तुम्ही राहायचात शारजात, पण बँकेची शाखा दुबईत असेल तर केस दुबईत असू शकते. माझ्या बाबतीत हेच झालं होतं, आणि मी सहा महिने चुकीच्या एमिरेटमध्ये शोधत बसलो होतो.

बाकी ठिकाणी तिथल्या वकिलाला किंवा विश्वासातल्या माणसाला पॉवर ऑफ अॅटर्नी (मुखत्यारपत्र) देऊन शोध घ्यावा लागतो. भारतातून ती करायची तर क्रम असा: नोटरी, राज्य सरकारचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईच्या दूतावासाचा शिक्का, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. यूएईसाठी नुसता अपॉस्टिल (काही देश आपसात मान्य करतात तो प्रमाणीकरणाचा एकच शिक्का) चालत नाही. शिवाय अधिकृत अनुवादकाकडून अरबी भाषांतर. पॉवर ऑफ अॅटर्नीत अधिकार मोजके लिहा: केसची माहिती घेणे, बँकेशी पत्रव्यवहार, कागद ताब्यात घेणे. पैसे स्वीकारण्याचा अधिकार कोणालाही देऊ नका, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही.

कर्जाची नोंद पाहायची असेल तर अल इतिहाद क्रेडिट ब्युरोचा रिपोर्ट असतो. आपल्याकडच्या सिबिलसारखंच काम. २०१४ पासून चालू आहे, स्कोअर ३०० ते ९०० मध्ये. देश सोडून बरीच वर्षं झाली असतील आणि अॅपमध्ये लॉगिन अडत असेल, तर थेट बँकेकडून लायबिलिटी लेटर मागवा. त्यात आजच्या तारखेला देणं किती आणि फाईल कायदेशीर विभागाकडे गेली आहे का, हे दोन्ही विचारा. उत्तर लेखीच घ्या.

चेकचं भूत

गल्फमधून आलेल्या माणसाची झोप उडवतो तो सिक्युरिटी चेक. लोन घेताना कोऱ्या तारखेचा चेक सही करून द्यायचा, हप्ते थांबले की बँक तो पूर्ण रकमेला लावायची, तो परत जायचा आणि पोलीस केस व्हायची. अनेकजण विमानतळावर अडकले ते याच चेकमुळे.

२ जानेवारी २०२२ पासून चित्र बदललं. २०२० च्या १४ क्रमांकाच्या संघीय कायद्याने व्यापारी व्यवहार कायदा दुरुस्त केला, आणि केवळ खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर तो आता गुन्हा राहिलेला नाही. फौजदारी बाजू उरली ती फसवणुकीपुरती: चेक वटू नये म्हणून मुद्दाम खातं बंद करणं किंवा आधीच पैसे काढून घेणं, बँकेला पेमेंट थांबवायला सांगणं, सही मुद्दाम चुकीची करणं, बनावट चेक देणं वगैरे.

ही बातमी आली तेव्हा गावाकडे पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. पण त्याच दुरुस्तीची दुसरी बाजू कमी लोकांनी वाचली. परत गेलेला चेक आता थेट अंमलबजावणीचा दस्तऐवज झाला. बँकेला आधी दावा लावून निकाल मिळवायची गरज उरली नाही. चेक घेऊन ती सरळ एक्झिक्यूशन कोर्टात जाऊ शकते. म्हणजे चौथ्या टेबलावरची भीती कमी झाली आणि तिसऱ्या टेबलाचा रस्ता आखूड झाला. शिवाय खात्यात थोडी रक्कम असेल तर तेवढी देऊन बाकीचा चेक न वटल्याची नोंद करणंही बँकेला बंधनकारक झालं.

२०२२ च्या आधी नोंदवलेली पोलीस केस असेल तर ती कायदा बदलला म्हणून आपोआप मिटली असं गृहीत धरू नका. केस नंबर काढून तिची आजची स्थिती पाहा. दंड भरून केस बंद झालेली असते पण वॉरंट यंत्रणेत तसंच राहिलेलं असतं, असे प्रकार मी स्वतः पाहिलेत.

पायरी ३: प्रवासाआधी

फाईल तिसऱ्या किंवा चौथ्या टेबलावर असल्याची शंका जरी असली तरी यूएईत उतरू नका, भेटीच्या व्हिसावर तर नाहीच. तिथे गेल्यावर ट्रॅव्हल बॅन असेल तर आत येता येतं, बाहेर पडता येत नाही. अटकेचा आदेश असेल तर गोष्ट विमानतळावरच थांबते. दुबई किंवा अबू धाबीला फक्त विमान बदलणारा प्रवासी इमिग्रेशनच्या काउंटरवर जात नाही, त्यामुळे बहुतेक लोक बिनधास्त जातात. पण विमान रद्द झालं, एअरलाइनने हॉटेल दिलं, की काउंटर आलाच. दोन-तीन हजार रुपये जास्त गेले तरी दोहा, मस्कत, बहरीन किंवा थेट विमानाचं तिकीट काढा. मीही तसंच करायचो, क्लिअरन्स हातात येईपर्यंत.

इंटरपोलचं नाव काढून घाबरवणारे भेटतील. इंटरपोलच्या माहिती प्रक्रियेच्या नियमांत, कलम ८३ मध्ये, खाजगी वादातून निर्माण झालेल्या प्रकरणांसाठी रेड नोटीस (हवा असलेला माणूस शोधून ताब्यात घ्या, अशी इतर देशांना विनंती) काढू नये असं म्हटलेलं आहे. कार्डाचा हप्ता थकला हा त्यातलाच प्रकार. फसवणुकीची केस असेल तर मात्र गणित बदलतं.

पायरी ४: तुम्ही आता ज्या देशात आहात त्याचा हिशोब

*भारतात असाल किंवा भारतात मालमत्ता असेल तर.* १७ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली यूएईला परस्परसंबंधी प्रदेश जाहीर केलं. त्याआधी तिथल्या निकालावर इथे नव्याने दावा लावावा लागायचा. आता यूएईच्या अधिसूचित कोर्टाचा पैशांचा निकाल प्रमाणित प्रतीसह इथल्या जिल्हा न्यायालयात आणून, तो जणू इथलाच असल्यासारखी अंमलबजावणी मागता येते. तुम्ही सध्या मस्कतला किंवा लंडनला असाल आणि गावाकडे तुमच्या नावावर फ्लॅट असेल, तर हा मुद्दा तुम्हालाही लागू आहे.

पण दार सरसकट उघडं नाही. कलम १३ मधले अपवाद तुमच्या बाजूने आहेत: निकाल प्रकरणाच्या गुणवत्तेवर दिलेला नसेल, नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असेल, फसवणुकीने मिळवला असेल, तर तो इथे टिकत नाही. एकतर्फी निकालात आणि सुनावणीशिवाय थेट चेकवर निघालेल्या आदेशात वकील याच मुद्द्यांवर लढतात. पगारावर जप्ती आली तरी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग संहितेच्या कलम ६० ने सुरक्षित असतो. बायकोच्या किंवा आईवडिलांच्या नावावरच्या घराला, ते जामीनदार नसतील तर, हात लागत नाही. आणि पैसे नाहीत एवढ्याच कारणाने कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे. देण्याची ऐपत असून टाळाटाळ करणं ही वेगळी गोष्ट.

जिल्हा न्यायालयाची नोटीस आली तर ती 'दुबईवाल्यांचं काहीतरी' म्हणून कपाटावर ठेवू नका. त्या आठवड्यात वकील गाठा.

*दुसऱ्या आखाती देशात असाल तर.* सहा देशांमध्ये एकमेकांच्या कोर्टांचे निकाल अंमलात आणण्याचा करार १९९६ पासून आहे, आणि त्याआधी १९८३ चा रियाधचा अरब करार. म्हणून यूएईतला निकाल ओमान, कतार, सौदी, कुवेत, बहरीनमध्ये चालवणं बँकेला भारतापेक्षा सोपं जातं. तरी निकाल हवाच. फाईल अजून पहिल्या-दुसऱ्या टेबलावर असेल तर मस्कतच्या विमानतळावर तुम्हाला कोणी उचलत नाही. तो मित्र तिथे चुकला होता.

*ब्रिटनमध्ये.* करार नाही, पण २०२१ मध्ये इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने न वटलेल्या चेकवर दुबईच्या कोर्टाने दिलेला निकाल तिथे वसूल करायला मान्यता दिली. रक्कम मोठी असेल तर बँक हा मार्ग धरू शकते.

*कॅनडा, ऑस्ट्रेलिया.* इथे अडचण वसुलीपेक्षा कागदांची येते. कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना पूर्वी राहिलेल्या देशाचं पोलीस क्लिअरन्स मागतात. कॅनडा सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या देशाचं, ऑस्ट्रेलिया गेल्या दहा वर्षांत एकूण बारा महिने राहिलेल्या देशाचं. यूएईत फौजदारी केस उघडी असेल तर ती इथे डोकं वर काढते. अर्ज करायच्या वर्षभर आधी शोध सुरू करा.

दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, हेही विसरू नका. २०१४ मध्ये दिरहम साडेसोळा रुपयांच्या आसपास होता, २०२४ अखेर तेवीसच्या जवळ. ५०,००० दिरहमचं देणं एक पैसा व्याज न लावता सव्वाआठ लाखांवरून साडेअकरा लाखांच्या जवळ गेलं. 'थांबू, मग बघू' याची किंमत रुपयात कमावणाऱ्याला अशी मोजावी लागते.

पायरी ५: फोनवर बोलू नका, लिहा

एजन्सीचे फोन येतात. तुम्हाला येतात, मग गावी वडिलांना, मग नव्या कंपनीच्या एचआरला. माझ्या धाकट्या भावाला एकाने सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत पोलीस घरी येतील. भाऊ घाबरून माझ्याआधी दहा हजार रुपये भरायला निघाला होता, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर.

उत्तर एकच ठेवा: 'तुमचं नाव, एजन्सीचं नाव, आणि बँकेने तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र ईमेलवर पाठवा. यापुढे मी लेखीच बोलेन.' मग तोच ईमेल बँकेच्या अधिकृत पत्त्यावर पाठवून विचारा, ही एजन्सी तुमची आहे का. निम्मे फोन इथेच बंद होतात. धमकी, शिवीगाळ, घरच्यांचे फोटो पाठवणं असं काही झालं तर गप्प बसू नका; धमकी हा भारतात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. कॉल रेकॉर्ड ठेवा आणि पोलिसात लेखी तक्रार द्या. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन.

हजार-दोन हजार दिरहम 'चांगुलपणा दाखवायला' भरू नका. ते व्याजात जिरतात, आणि कर्ज मान्य असल्याचा ताजा पुरावा मात्र तयार होतो. भरायचं तर ठरवून, कागदावर.

पायरी ६: तडजोड

आता मुख्य काम. पहिल्या ईमेलमध्ये रडगाणं नको, आकडे हवेत: नोकरी कधी गेली, ग्रॅच्युइटीतून किती वळते झाले, आता पगार किती, एकरकमी किती देऊ शकतो. सोबत बँकेकडून फोड मागा: मुद्दल किती, व्याज किती, लेट फी किती, कायदेशीर खर्च किती. कार्डावर महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, त्यामुळे दोन वर्षांत आकडा ओळखू येत नाही. बोलणी करायची ती या फुगलेल्या भागावर. मुद्दलावर सूट क्वचित मिळते, व्याज आणि फी यांवर मिळते.

माझ्यापुरतं सांगायचं तर, मुद्दल ४१,००० दिरहम उरलं होतं, मागणी आली ५८,००० ची, आणि चार महिन्यांच्या ईमेलनंतर तीन हप्त्यांत ३९,५०० वर मिटलं. तुमचं याहून चांगलं किंवा वाईट होईल. पहिली ऑफर मी नाकारली, दुसरी नाकारली, तिसरी घेतली. प्रत्येक वेळी पुढची ऑफर तिमाही संपताना आली, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एकरकमी द्यायला पैसे असतील तरच एकरकमीचं नाव काढा. हप्ते ठरवले आणि एक जरी चुकला तरी बहुतेक पत्रांत सूट रद्द होऊन मूळ मागणी परत उभी राहते. हप्ता म्हणून नवा चेक मागितला तर स्पष्ट नाही म्हणा. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा नियमच वैयक्तिक कर्जाचे हप्ते पगाराच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत असा आहे. नव्या देशात नव्या माणसाने त्याच्या निम्म्यावरच थांबलेलं बरं, कारण इथेही नोकरी नवी आहे.

तडजोडीच्या पत्रात काय हवं, ते एकदा वाचून मगच सही करा. बँकेचं लेटरहेड आणि बँकेच्या डोमेनवरून आलेला ईमेल. तुमचा लोन नंबर. ठरलेली रक्कम आणि तारखा. 'फुल अँड फायनल' हे शब्द. आणि सगळ्यात जास्त ज्यावर लोक डोळेझाक करतात ते: पैसे भरल्यावर बँक केस आणि ट्रॅव्हल बॅन मागे घेईल, मूळ चेक परत करेल, क्रेडिट ब्युरोत नोंद सुधारेल. 'खातं बंद होईल' एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. खातं बंद होतं आणि केस चालूच राहते. ती मागे घ्यायचा अर्ज बँकेलाच करावा लागतो.

बँक दाद देत नसेल, चुकीची रक्कम लावत असेल, तर आधी बँकेत रीतसर तक्रार करा आणि तिचा नंबर घ्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर 'सनदक' या लोकपाल यंत्रणेकडे जाता येतं. बँका आणि विमा कंपन्यांविरुद्धच्या ग्राहक तक्रारींसाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या आधाराने ती २०२३ मध्ये सुरू झाली. कायदेशीर सल्ल्यासाठी दुबईतल्या भारतीय वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्रही आहे. ते केस लढत नाहीत, पण दिशा नीट दाखवतात, आणि फुकट.

पायरी ७: पैसे पाठवणं

पैसे फक्त तुमच्या स्वतःच्या लोन किंवा कार्ड खात्यावर. यूएईचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) 'एई' ने सुरू होतो आणि एकूण २३ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यातला बँक कोड तुमच्याच बँकेचा आहे ना ते बघा. एजन्सीचं खातं, एजंटचं खातं, 'मॅनेजरचं' खातं: नाही, नाही, नाही.

भारतात परतून रहिवासी झाला असाल तरी परदेशात अनिवासी असताना घेतलेलं कर्ज फेडायला पैसे पाठवता येतात; रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत हे बसतं. वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा, पॅन कार्ड लागतं. आर्थिक वर्षात या योजनेखालची एकूण रक्कम १० लाख रुपयांच्या वर गेली तर वरच्या भागावर २० टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. तडजोड मार्च-एप्रिलच्या आसपास असेल तर हप्ते दोन आर्थिक वर्षांत विभागून घ्या. माझ्या एका सहकाऱ्याने असं करून दीड लाखाची अडचण वाचवली. बँकेतल्या फॉर्मवर उद्देश लिहिताना 'कर्जफेड' असंच लिहा. 'कुटुंबाचा खर्च' वगैरे पळवाटा काउंटरवरचा माणूस सुचवेल, घेऊ नका, कारण तीच पावती उद्या तुमचा पुरावा आहे.

पायरी ८: पैसे भरल्यानंतरचे दोन महिने

शेवटचा हप्ता गेला की माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि पाठपुरावा सोडतो. इथेच चूक होते. पहिल्या आठवड्यात नो लायबिलिटी सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र, मागा. लोन आणि कार्ड एकाच बँकेचं असलं तरी दोन्हींचं वेगळं घ्या. माझ्या लोनचं पत्र आलं आणि कार्डावर ११० दिरहमची वार्षिक फी तशीच उरली होती, जी पुढे पुन्हा व्याज खाऊ लागली असती.

केस असेल तर बँकेने कोर्टात दिलेल्या माघारीच्या अर्जाची प्रत मागा. बॅन उठला का ते पायरी २ मधल्या मार्गांनी स्वतः पाहा, बँकेच्या 'झालंय सर' वर थांबू नका. मूळ चेक कुरियरने मागवा. भारतात पाठवत नाही म्हणाले तर पॉवर ऑफ अॅटर्नीवाल्याकडे द्यायला सांगा आणि रद्द केलेल्या चेकचा फोटो घ्या. क्रेडिट ब्युरोची नोंद बदलायला पुढचं स्टेटमेंट चक्र लागतं, म्हणून रिपोर्ट महिना-दीड महिन्याने काढा. नोंद जुनीच दिसली तर सर्टिफिकेट जोडून बँकेला आणि ब्युरोला दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहा.

सर्टिफिकेटच्या तीन प्रती ठेवा. एक घरी, एक ईमेलमध्ये स्कॅन करून, आणि एक पासपोर्टच्या कव्हरमध्ये. गेल्या वर्षी मस्कत-दुबई-मुंबई असं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मी घेतलं. दुबईत सहा तासांचा थांबा होता, बाहेर पडून करामा भागात जेवून आलो. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट स्कॅन केला, स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं, आणि शिक्का मारून पासपोर्ट परत सरकवला. कव्हरमधला कागद काढायची वेळच आली नाही.